आबांच्या स्लॅबवरचं पाणी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, आणि मी चढलो तो पुढे डासांच्या मागे लागलो. मराठीत सलग काही लिहिलं ते बारावीच्या पेपरात, निबंधाच्या प्रश्नाला. त्यानंतर जे लिहिलं ते इंग्रजीत, आणि त्यात ‘मी’ हा शब्द चालत नाही. तिथं ‘नमुने गोळा करण्यात आले’ असं लिहायचं असतं. कुणी केले, करणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कुणी विचारत नाही. मला ते फार सोयीचं होतं, हे आता कळतंय.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या मॅडमनी मला हाताला धरून शास्त्रज्ञ केलं, त्यांनाही नाही. गेल्या महिन्यात एका माणसाला सांगितलं – ते पुढे येईल. तुम्ही दुसरे. तुम्हाला मी ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

सरळ मुद्द्यावर यायला हवं. पण सरळ येता आलं असतं तर मधे सहा वर्षं गेली असती का?

भूगाव ओलांडून मुळशीच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची नाही. गाव भाताचं. अठ्ठ्याण्णव साली मी बारावी झालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती, आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापर्यंत त्यातल्या बऱ्याच खाचरांत प्लॉटिंगचे दगड उभे राहिले होते. आमचीही गेली. नदीकडचं एक खाचर तेवढं राहिलं. आबांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – कागदावर सही केली आणि त्या दिवसापासून ते गुंठ्यांबद्दल कधी बोलले नाहीत. माणूस बोलायचा थांबला की घरातले त्याला जपून वागवायला लागतात. आम्हीही तेच केलं.

मी प्राणिशास्त्र घेतलं ते आवडीनं नाही, मार्क तेवढेच होते म्हणून. पण एमएस्सीला मॅडम भेटल्या. त्यांचं काम हिवतापावर, म्हणजे मलेरियावर. पहाटे उठून गोठ्यात जायचं, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर बसलेला डास काचेच्या नळीत अलगद ओढून घ्यायचा. डबक्यातल्या अळ्या उचलायला लांब दांड्याचं एक भांडं असतं, आमच्या घरच्या ओगराळ्यासारखंच. गोठ्यात वावरायला मला शिकवावं लागलं नाही, गाय लाथ कधी मारते हे मला ठाऊक होतं. बाकीची मुलं शेणाला नाकं मुरडत असताना मॅडम म्हणाल्या, “तू पुढे पीएचडी कर.” घरी येऊन सांगितलं तर आबांनी विचारलं, “डास मारायचं शिकवत्यात व्हय?” मी म्हटलं, “नाही, ओळखायचं.” ते म्हणाले, “वळख काडून काय करनार, जेवाय बोलावनार?” किती तरी दिवसांनी ते असं बोलले होते. मला फार बरं वाटलं. गावात मला मच्छरमास्तर म्हणायला लागले. चिडवण्यासाठीच, पण त्यात थोडं कौतुकही होतं. ते कौतुक मला हवं होतं – हे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी घडलं.

दोन हजार चारचा उन्हाळा. रस्त्याकडेच्या तुकड्यावर आबांनी भाड्यानं द्यायच्या खोल्या बांधायला काढल्या होत्या. गवंडी परभणीकडचा, मारुती नाव. बायको सुमन आणि सहा वर्षांची मुलगी सोनी. दिवाळीपासून ती तिघं आमच्याच जागेत पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. सोनी माझ्या काचेच्या नळ्यांना भोंगे म्हणायची.

होळी झाल्यावर स्लॅब पडला. नव्या स्लॅबला पाणी पाजावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. वर सिमेंटचे छोटे बांध घालून चौकोनी वाफे करतात, त्यात पाणी तुंबवून ठेवतात, म्हणजे काँक्रीट भिजून घट्ट होतं. थोडे दिवस ठेवायचं, मग सोडून द्यायचं. पण आबा त्या दिवशी वर गेले, ते वाफे बघितले, आणि – काय सांगू – त्यांचा चेहराच बदलला. चौकोन, बांध, पाणी. त्यांचं खाचर त्यांना परत मिळालं होतं.

रोज सकाळी ते वर जायचे. बांधावर अनवाणी चालायचे. कुठं पाझर दिसला तर मारुतीकडून बोटभर सिमेंट घेऊन स्वतः लिंपायचे. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचं याची त्यांनी रीतसर व्यवस्था लावली, भाताला लावतात तशी. मारुती एकदा म्हणाला, “दादा, बास झालं की आता, पाणी काढायलोत आमी.” आबा म्हणाले, “राहू दे. जितकं पील तितकं घट हुईल.” वरचा मजला पुढच्या सालावर गेला होता, घाई कुणालाच नव्हती. पाणी राहिलं. चैत्र संपला तरी राहिलं. आई मला हळूच म्हणाली, “भात लावत्यात का काय वर?” आम्ही दोघं हसलो.

एका सकाळी मी आबांना चहा द्यायला वर गेलो आणि सवयीनं पाण्यावर वाकलो.

घाण पाण्यातल्या साध्या डासाची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते. मलेरिया पसरवणाऱ्या डासाची अळी पाण्याच्या अंगाला लागून आडवी पडते, काडी तरंगावी तशी. एवढा फरक शाळेतलं पोरही ओळखेल. आमच्या स्लॅबवर सगळ्या आडव्या होत्या. एका वाफ्यात नाही, सगळ्या वाफ्यांत.

मी थोड्या अळ्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत नेल्या. त्यांचे डास झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाय बघितले, ठिपके बघितले. शंका उरली नाही. शहरात टाक्यांमधून आणि बांधकामांवर वाढणारा, मलेरियाचा म्हणून नाव घेतलेला डास. आमच्या भागात तो असा आधी कुणी नोंदवला नव्हता. मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. किती आनंद झाला त्यांना. “कुठं सापडला?”

काय अवघड होतं यात? ‘आमच्या घरी.’ दोन शब्द.

मी म्हटलं, “मजुरांच्या वस्तीवर.”

का म्हटलं? मच्छरमास्तरच्याच डोक्यावर मच्छरांचं शेत – गाव हसलं असतं. मॅडम हसल्या नसत्या, पण मला वाटलं हसतील. शिवाय आबांचं ते पाणी. मी स्वतःला सांगितलं, की मी आबांसाठी गप्प बसतोय. हे कारण मला इतकं आवडलं, की पुढं वर्षानुवर्षं मी तेच वापरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, मी वर जाऊन खिळ्यानं एक बांध फोडला. म्हटलं, आपोआप वाहून जाईल, कुणाला काही सांगायला नको. आबांना कोरडा वाफा दिसला. त्यांनी मारुतीला बोलावलं आणि झाडलं – “लक्ष कुटं असतं रं तुजं? शेतातलं पानी असं फुटलं असतं तर?” मारुतीनं सिमेंट कालवलं. बांध लिंपला, पाइप लावला, वाफा भरला. मी खाली ओट्यावर चहा पीत होतो. पुन्हा बांध फोडला नाही.

मग ताप आला.

पहिली सोनी. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये घाम फुटावा असं ऊन, आणि ही गोधडीत थडथड कापतेय. आरोग्यसेविका आल्या, बोटातून रक्त घेतलं, मलेरिया निघाला. मग आळीतल्या बबनतात्यांची सून. मग आणखी दोघं. गावात कुणी मेलं नाही – हे आधीच सांगतो, तुम्हाला त्या काळजीत ठेवत नाही. पण लोक घाबरले. घाबरलेल्या माणसाला कारण लागतं, आणि कारण दिसायला सोपं होतं. ताप कुणाच्या घरातून सुरू झाला? परभणीवाल्यांच्या.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात माणसं जमली. मारुती नव्हता, त्याला बोलावलं नव्हतं. बबनतात्या म्हणाले, “आपला मच्छरमास्तर हाय की हितं. त्यालाच इचारा. काय रं, ह्यो ताप भायेरनं येतोय का न्हाई?”

मी उभा राहिलो. मला आठवतंय, मी शर्ट नीट केला.

“येऊ शकतो,” मी म्हटलं. “दुसऱ्या भागातून आलेल्या माणसाच्या रक्तात जंतू असू शकतो.”

वाक्य बरोबर आहे. परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं – जंतू कुणाच्याही रक्तात असो, एकातून दुसऱ्यात जायला त्याला डास लागतो, आणि तो डास आमच्या स्लॅबवर वाढतोय. शिवाय सोनी दिवाळीपासून गावाबाहेर गेली नव्हती, आणि आमच्याच आळीतले दोघं वाळूच्या गाड्या घेऊन पनवेलला, जिथं मलेरिया असायचाच, मुक्काम करून येत होते. जंतू नक्की कुणी आणला हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. तेव्हाही सांगू शकलो नसतो. ‘माहीत नाही’ एवढं तरी म्हणता आलं असतं.

“ऐकलं न्हवं? शिकलेला मानूस काय म्हनतोय,” बबनतात्या म्हणाले.

आबा कोपऱ्यात बसले होते. ते एवढंच म्हणाले, “मारुती चांगला मानूस हाय.”

“मानूस चांगलाच हाय ओ, पर ताप वंगाळ हाय,” कुणीतरी बोललं, आणि मंडप हसला. त्या हसण्यात मी होतो का? होतो. आवाज काढला नाही, पण होतो.

इथपर्यंत मी स्वतःशी अनेकदा आलोय. इथपर्यंतचं सांगायला मन तयार होतं. भित्रेपणा म्हणतात याला, तरुण होतो, गावासमोर जीभ अडली – असं म्हणून मी मिटवतही आलोय. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

या प्रकारच्या मलेरियात ताप लवकर उतरतो. पोर चार दिवसांत खेळायला लागतं. पण जंतू तेवढ्यानं मरत नाही. तो यकृतात लपून बसतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. म्हणून ताप उतरल्यावरही दुसऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्या मधेच सोडायच्या नसतात. सेविका रोज येऊन सोनीला समोर गोळी देत होत्या. ते अर्ध्यावर आलं होतं.

मारुतीनं बिऱ्हाड हलवावं, असं मंडपात ठरलं होतं. सकाळी टेम्पो आला. सामान फार नव्हतंच. सुमन आईच्या पाया पडली. म्हणाली, “आमच्यामुळं तुमच्या गावाला लई तरास झाला, माय.” आईनं सोनीच्या हातात गुळाचा खडा दिला. थोड्या अंतरावर बबनतात्या मोटारसायकलवर एक पाय टेकून उभे होते, निरोप द्यायला नव्हे, गेले याची खात्री करायला.

मारुती माझ्याकडे आला. “दादा, लेकरू अजून गोळ्या खायलंय. तिकडं भेटतील का ओ? का आता गरज नाही?”

मला माहीत होतं. त्या गावात तेव्हा हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. खिशाला पेन होतं. गोळीचं नाव लिहून द्यायला, ‘सोडू नका, ताप उलटेल’ म्हणायला किती वेळ लागतो? पण तात्या बघत होते. मी थांबून बोललो असतो तर मारुतीनं आणखी विचारलं असतं, तात्यांनीही विचारलं असतं, आणि बोलणं कुठून कुठे गेलं असतं. आणि आणखी एक – हे लिहायला मला दोन दिवस लागले – मला ते लवकर जायला हवे होते. ते गेले की स्लॅबला पाणी घालायला कुणी नाही. पाणी आटेल. सगळं आपोआप मिटेल.

मी म्हटलं, “ताप उतरलाय ना? मग काही काळजी नाही.”

मारुतीचा चेहरा उजळला. मला त्यानं हात जोडले.

हाच माझा गुन्हा आहे. बाकीचं याच्या आजूबाजूचं.

पाणी आटलं. तापही थांबला. गाव म्हणालं, बघा, ते गेले आणि ताप गेला. माझा प्रबंध झाला, त्यातला लेख छापून आला, दोन्हींत तो डास ‘मजूर वस्ती’च्या नावावर आहे. नोकरी लागली. आणि तिथं मी काय करतो? बांधकामांवर जातो. मुकादमांना, गवंड्यांना सांगतो, की पाणी तुंबवू नका, ओलं गोणपाट अंथरा. तुंबवायचंच असेल तर आठवड्यातून एक दिवस वाफे कोरडे करा, अळीला डास व्हायला तेवढे दिवस मिळू देऊ नका. लोक ऐकतात. सूसला एका सोसायटीच्या कामावर गेल्या वर्षी मी ओगराळ्यामागून ओगराळं घातलं आणि एक अळी निघाली नाही. तिथला गवंडी म्हणाला, “सायेब, तुमी तर नाराज झालेले दिसता.” मी नाराज नव्हतो. मी आनंदानं गप्प झालो होतो. काम खरं आहे, त्यानं माणसं आजारी पडायची वाचतात, हे मी खोट्या नम्रतेनं नाकारणार नाही. व्याख्यानात मी सांगतो, “मुळशीतल्या एका बांधकामावर हे प्रथम लक्षात आलं.” कुणाच्या, ते सांगत नाही.

प्रत्येक साइटवर परभणीकडची माणसं असतात. मी कधी मारुतीची चौकशी केली नाही. उत्तर मिळेल म्हणून.

गेल्या महिन्यात काय झालं, ते नीट सांगता येणार नाही. माझी मुलगी तापली. साधाच ताप, दोन दिवसांत गेला. पण डॉक्टर म्हणाले, “ताप उतरलाय ना? मग काही काळजी नाही.” त्यांचं बरोबरच होतं. मी मात्र दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. त्या रविवारी गावी गेलो.

आबा नदीकडच्या खाचराचा बांध नीट करत होते. मी तिथंच उभा राहून सगळं सांगितलं – अळ्या, मॅडम, मंडप, टेम्पो. ते फावडं चालवत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग फावडं थांबलं.

“तवाच सांगायचं व्हतंस,” ते म्हणाले. “पानी सोडाया काय लागतंय? एक खिळा.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुमच्यासाठीच गप्प बसलो मी.”

“माज्यासाठी?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मला वाईट वाटलं असतं, मी दोन दीस जेवलो नसतो. मंग जेवलो असतो. माजं नाव कशाला घालतूस त्यात?”

सहा वर्षं जपून ठेवलेलं कारण त्यांनी ढेकळासारखं फोडलं. राग नव्हता त्यांच्या आवाजात. पुन्हा फावडं उचलताना त्यांनी एकच विचारलं – “पोरीचं काय झालं?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

“मंग बगाया पायजे.”

आणि ते बघायला लागले. मी नाही, ते. सकाळची न्याहारी झाली की टोपी घालायची, बस पकडायची, आणि पिरंगुट, भूगाव, सूस, जिथं क्रेन दिसेल तिथं उतरायचं. गेटवरचे पहारेकरी म्हणायचे, “बाबा, काम नहीं है.” हे म्हणायचे, “मला काम नगं, मानूस पायजे.” आईनं फोनवर सांगितलं, एके ठिकाणी त्यांना म्हातारा गवंडी समजून चहा पाजला आणि ते परभणीच्या लोकांत बसून गप्पा मारून आले. “घरी येऊन हसत्यात,” ती म्हणाली. “इतकं बोलत्यात आता, की मला झोपावं वाटतं.” मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर जायला लागलो. गेटवर मी साहेब म्हणून ओळखला जातो, त्याचा पहिल्यांदा काही उपयोग झाला. पण विचारायचे आबाच. “मारुती गवंडी, बायकू सुमन, पोरगी सोनी. हिकडं व्हते आमच्यात.” त्यांच्या तोंडून ‘आमच्यात’ ऐकताना मी दुसरीकडे बघायचो.

याच दिवसांत मॅडमना भेटून सांगितलं, की तो डास आमच्या घरचा होता. म्हणजे आजच, सकाळी; हे लिहायला बसलो तेव्हा सांगितलं नव्हतं. त्यांनी कपाटातून तो छापील लेख काढला, ‘मजूर वस्ती’वर पेन्सिलीनं खूण केली. मग म्हणाल्या, “दुरुस्ती छापू. तू लिही, मी पाठवते.” एवढंच. बबनतात्या आता नाहीत, पण मंडप आहे. येत्या ग्रामसभेत उभा राहून उरलेलं अर्धं वाक्य बोलायचं ठरवलंय. लोक हसतील का? हसू देत.

हे इथपर्यंत लिहून झालं होतं आणि मला वाटलं होतं की इथंच थांबावं लागेल, कारण त्या तिघांचा पत्ता लागेलच असं नाही. मी दुपारी गावच्या घरी ओट्यावर बसून शेवटची ओळ शोधत होतो. आज आबा एकटेच गेले होते. ते आले, चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्याले. मग माझ्याशेजारी टेकले.

“घावला,” ते म्हणाले. “मारुती. पाथरीकडं असतो आता, सोताच्या गावात. त्याचा चुलतभाऊ बावधनला प्लास्टर करतोय, त्यानं फोन लावून दिला.”

 मी विचारायची त्यांनी वाट बघितली नाही.

“पोरगी हाय. ताप त्या साली उलटला, दोन डाव. शाळंचं एक साल गेलं. मंग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या पुऱ्या केल्या. त्यानंतर न्हाई आला. आता पाचवीत हाय. उंच झालीया म्हनं, आईपेक्षा.”

आत आई भाकरी थापत होती, तो आवाज थांबला.

“मी सांगितलं मारुतीला,” आबा म्हणाले. “ताप तुमचा न्हवता, आमच्या स्लॅबवरचा व्हता. त्यानं पुन्यांदा इचारलं, मी पुन्यांदा सांगितलं.  मंग म्हनला, हे सोनीच्या आईला सांगा, ती अजून मनाला लावून घेती. तिनं जाईल तिथं सांगून ठिवलंय, की आमी त्या गावात आजार न्हेला.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“गोळ्यांचं मात्र मी बोललो न्हाई. ते तुजं हाय, तू बोल. सुमन रानात गेलीया, दिवस मावळला की घरी येती. त्यांनी नंबर दिलाय.”